भाड्याने देण्यासाठी घर घेताना घराची अवस्था आणि पैशांचा हिशेब: मराठवाड्यातील खरेदीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, जालना, परभणी अशा शहरांत भाड्याने देण्याच्या हेतूने सदनिका, रो-हाउस किंवा खोल्या घेऊ पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बांधकामातला दोष असो वा कागदातली उणीव, शक्य तेथे ती ‘किती महिन्यांचे भाडे’ या मापाने मोजली आहे. अडीच लाखांची दुरुस्ती हा आकडा घर घेण्याच्या उत्साहात फारसा बोचत नाही. तीच दुरुस्ती म्हणजे, दरमहा अकरा हजार भाडे धरल्यास, जवळजवळ तेवीस महिन्यांचे भाडे आहे, असे म्हटले की घेणारा खुर्चीत सरळ बसतो. हिशेबातील किंमत आणि भाड्याचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या गल्लीतील आकडे त्या जागी घालावेत.

घर पाहायला कोणत्या दिवसांत जावे?

जमल्यास दोनदा जावे: एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा भर पावसाळ्यात. मे अखेरीस काळी माती पुरती वाळून आकसलेली असते, त्यामुळे पायाखालचे दुखणे भिंतीवर तड्याच्या रूपाने सर्वांत स्पष्ट दिसते. ऑगस्ट-सप्टेंबरात गच्ची, न्हाणीघर आणि जोते यांची खरी परीक्षा होते. विक्रेता तेवढा थांबणार नसेल, तर निदान एका मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जाऊन यावे. दलाल बहुधा सकाळी अकराच्या सुमारास घर दाखवतो, कारण त्या वेळी उजेड चांगला असतो आणि गल्ली रिकामी असते. संध्याकाळी आठ वाजता एकट्याने जाऊन गाड्या कुठे लावतात, नळाला किंवा टाकीला पाणी किती जोराने येते आणि वरच्या मजल्यावरचा आवाज किती खाली उतरतो, हेही पाहावे. भाडेकरू त्याच वेळी घरी असणार आहे.

भिंतींना तडे आहेत. घर सोडून द्यावे का?

तड्याची जात ओळखल्याशिवाय ना घर सोडावे, ना घ्यावे. मराठवाड्याचा मोठा भाग काळ्या कापसाच्या मातीचा आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत नेला नसेल, तर अख्खे घर या मातीबरोबर दरवर्षी थोडे वर-खाली होत राहते. अशा घरात तडा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघतो, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो आणि पुष्कळदा एका टोकाला रुंद होत जातो. याउलट गिलाव्यावरच्या जाळीसारख्या केसाएवढ्या बारीक रेघा बहुतेक वेळा गिलाव्याला पुरेसे पाणी न मारल्याच्या असतात. त्या रंगकामात बुजतात. आडव्या तुळई आणि वीटकाम यांच्या सांध्यावर दिसणारी सरळ रेघ दोन वेगळ्या साहित्यांचे आकुंचन वेगवेगळे असल्यामुळेही येते.

व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी अशा. तडा भिंतीच्या दोन्ही बाजूंना, आतून आणि बाहेरून, एकाच जागी दिसतो का ते पाहावे. दिसत असेल तर तो गिलाव्याचा नाही, भिंतीचा आहे. रुपयाचे नाणे कडेने आत शिरत असेल, तर अभियंत्याला दाखविल्यावाचून पुढे बोलणी करू नयेत. दारे चौकटीत घासतात का, चौकटीच्या वर पाचर ठोकून किंवा दाराची कड रंधून घेतल्याच्या खुणा आहेत का, हे पाहावे. फरशीवर काचेची गोटी ठेवून ती आपोआप एका कोपऱ्याकडे जाते का, हेही पाहता येते, मात्र उतार मुद्दाम ठेवलेल्या मोरीत किंवा गॅलरीत नव्हे. विसार देऊन खरेदीखत व्हायला दोन-तीन महिने लागणार असतील, तर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहून ठेवावी. खुणेच्या पुढे सरकलेला तडा जिवंत आहे असे समजावे.

शेजारी नवे बांधकाम चालू असेल तर त्याच्या पायाच्या खड्ड्यात डोकावणे हा सर्वांत स्वस्त भू-परीक्षण अहवाल होय: काळी माती किती फूट, मुरूम कोठे लागला, हे उघड्या कापावर दिसते. जोत्याभोवती कोबा किंवा फरसबंदी नसणे, भिंतीला लागून मोठे झाड असणे आणि पायाशेजारी गळकी पाइपलाइन असणे ही तिन्ही काळ्या मातीतली जुनी दुखणी आहेत. त्यांपैकी कोबा आणि पाइप एक-दोन महिन्यांच्या भाड्यात निभावतात. पायाला खालून आधार देण्याचे काम मात्र वर्षा-दोन वर्षांचे भाडे गिळू शकते, आणि तेवढे करूनही खात्री देता येत नाही. म्हणून चालू असलेला पायाचा तडा किमतीत सूट घेऊनही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुकताच रंग दिलेल्या घरात ओल कशी ओळखावी?

एकाच भिंतीला किंवा छताच्या एकाच चौकोनाला ताजा रंग असेल, तर आधी तेथेच हात लावावा. एका दुमजली रो-हाउसच्या तपासणीत खालचा मजला स्वच्छ, कोरडा आणि नवा रंगविलेला होता. फक्त देवघराशेजारी कॅलेंडर नेहमीपेक्षा बरेच खाली, जवळजवळ कमरेच्या उंचीवर टांगलेले होते. ते बाजूला सरकवले तर मागे हातभर रुंदीचे पोपडे आणि पांढरा लोणा, आणि भिंतीच्या दुसऱ्या अंगाला वरच्या न्हाणीघराचा उतरता पाइप. घरमालक शांतपणे म्हणाले, “मागच्या वर्षीचं आहे ते, आता बंद झालंय.” बोट लावले तर गिलावा ओला होता.

बोटांच्या सांध्यांनी गिलाव्यावर टकटक करावी. पोकळ आवाज येतो तेथे गिलावा भिंतीपासून सुटला आहे. न्हाणीघराच्या बरोबर खाली येणारे छत, गच्चीच्या कठड्याचा तळ, पाण्याच्या टाकीखालचा भाग आणि खिडकीवरचे छज्जे या चार जागा न पाहता परत येऊ नये. छतावर तांबूस डाग किंवा स्लॅबचा पापुद्रा निघून सळई दिसत असेल, तर आतले लोखंड गंजून फुगले आहे. वरून सिमेंट लिंपून ते थांबत नाही. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते मोरीकडे जाते की मध्येच साचते, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. हजार चौरस फुटांच्या गच्चीचा जुना कोबा उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करण्याचा अंदाज स्थानिक ठेकेदाराकडून लेखी घ्यावा आणि त्याला दरमहा भाड्याने भागावे; उत्तर दहाच्या वर गेले, तर तो खर्च किमतीतूनच वजा झाला पाहिजे.

गावठाणातील जुने माळवदाचे (मातीच्या धाब्याचे) घर स्वस्त मिळते. ते भाड्याने देण्यासाठी घ्यावे का?

जागेच्या किमतीसाठी घ्यावे, घरासाठी घेऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मुख्यत्वे घरांमुळेच दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे थर चढत गेलेले जड माळवद एकदम आत कोसळले. त्यापूर्वी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सौम्य विभागात धरला जात होता. नंतर तो वरच्या विभागात घेण्यात आला. उन्हाळ्यात ही घरे गार राहतात हे खरे असले, तरी लादणीचे (छत पेलणारे) लाकूड वाळवीने पोखरलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि दरवर्षी माळवदावर माती टाकणारी माणसेही आता सहज मिळत नाहीत. दुसऱ्याचे कुटुंब अशा छताखाली पैसे घेऊन ठेवणे ही जबाबदारी हलकी नाही.

पाण्याची स्थिती कशी तपासावी?

मराठवाड्यात भाडे ठरते ते खोल्यांच्या संख्येवर तितकेच पाण्यावर. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीसारखे मोठे धरण जवळ असूनही नळाचे पाणी काही-काही दिवसांच्या खंडाने घेण्याची सवय कित्येक वसाहतींना लागलेली आहे. म्हणून “पाणी येते का?” असे न विचारता “गेल्या वेळी कोणत्या दिवशी आले, किती वेळ आले, आणि मे महिन्यात टँकर किती घेतले?” असे विचारावे, आणि तेही विक्रेत्याला नव्हे, शेजारच्या बाईंना. त्यांच्या दारातल्या ड्रमांची संख्याही बरेच काही सांगून जाते.

हौदाचे माप प्रत्यक्ष घ्यावे. चार माणसांचे कुटुंब काटकसरीने दिवसाला पाचशे लिटर वापरते असे धरले, तर सात दिवसांच्या खंडाला साडेतीन हजार लिटर साठा लागतो. दोन हजारांचा हौद असेल तर उरलेला खर्च टँकरच्या रूपाने भाडेकरूवर किंवा मालकावर पडणारच. बोअर असेल तर ते चालू करून अर्धा तास थांबावे: पाणी एकसारखे येते की पंधराव्या मिनिटाला फेस आणि हवा येऊ लागते, हे पाहावे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी खडकाच्या भेगांत असते, म्हणून शेजारच्या बोअरला भरपूर पाणी आहे हा आपल्या बोअरचा पुरावा होत नाही. नळाच्या तोटीवर, गीझरमध्ये आणि फरशीवर पांढरा थर दिसला तर पाणी जड आहे असे समजावे. गीझरची कॉइल आणि नळजोडणी यांवर दरवर्षी एखाद्या महिन्याचे भाडे जाईल असे आधीच धरून ठेवावे.

वीज आणि सांडपाणी?

मीटरशेजारी जादा भार आल्यास वीज तोडणारे एमसीबी आणि गळती-प्रवाह तोडणारे आरसीसीबी आहे का, अर्थिंग जिवंत आहे का, एका बोर्डावर किती जोड दिले आहेत, हे विद्युत कारागिराला शंभर-दोनशे रुपये देऊन दाखवून घ्यावे. सांडपाण्यासाठी शेवटच्या चेंबरचे झाकण उघडून वर न्हाणीघरात दोन बादल्या ओताव्यात आणि पाणी किती वेळात पोचते ते पाहावे. ड्रेनेज लाइन नसलेल्या वसाहतीत सेप्टिक टँक कोठे आहे, कधी उपसला आणि त्याचे पाणी पुढे कोठे जाते, हे तीन प्रश्न पुरेत.

अभियंत्याकडून तपासणी करून घेणे खरोखर आवश्यक आहे का?

होय. एका स्थापत्य अभियंत्याची भेट बहुधा महिन्याच्या भाड्याच्या आतच होते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला महापालिका कायद्यानुसार संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. संस्थेकडे असा अहवाल मागावा. अहवालात मोठी दुरुस्ती सुचविली असेल आणि सभेत वर्गणी ठरून वसुली बाकी असेल, तर ती रक्कम आपल्याच अंगावर येणार आहे. रेराखाली (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली) नोंदलेल्या नव्या प्रकल्पात ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला संरचनात्मक दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो, म्हणून अशा सदनिकेच्या पुनर्खरेदीत ताब्याची तारीख विचारून ठेवावी.

कागदपत्रांत मराठवाड्यापुरते वेगळे काय पाहावे लागते?

बरेच. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने जमिनीच्या जुन्या नोंदींचे स्वरूप आणि जमिनीचे प्रकार पुणे-नाशिककडच्यांपेक्षा निराळे आहेत. शहरालगतच्या कित्येक गटांचा उगम इनाम जमिनीत आहे. मदतमाश, खिदमतमाश असे शब्द जुन्या खासरा पत्रकात किंवा फेरफारात दिसले, तर तेथेच थांबून महसुली कामाचा अनुभव असलेल्या वकिलाला दाखवावे. देवस्थान किंवा मशिदीच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन खाजगी मालकीप्रमाणे विकता येत नाही, आणि वक्फच्या नोंदीतील जमिनीचेही तसेच आहे. वर कितीही देखणी इमारत उभी असली तरी खालच्या जमिनीचा दोष तिला चिकटलेला असतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असे असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा (त्यासाठी सरकारला भरलेली रक्कम) यांचा कागद पाहिल्यावाचून विसार देऊ नये. ‘इतर हक्क’ या रकान्यातील सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा कमी झाल्याचा फेरफारही डोळ्यांनी पाहावा.

दुसरा मोठा प्रश्न गुंठेवारीचा. शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँडवर विकलेल्या भूखंडांवर संभाजीनगरात वसाहतीच्या वसाहती उभ्या आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाची वाट मिळाली. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हातात असलेले घर आणि “फाइल टाकली आहे” असे सांगितले जाणारे घर यांच्या किमतीत फरक असायलाच हवा. दुसऱ्या प्रकारच्या घरावर बँक कर्ज देण्याची शक्यता कमी, म्हणजे उद्या आपल्याकडून घेणाराही रोख पैसेवालाच लागणार. केवळ मुखत्यारपत्र आणि नोटरी केलेल्या करारावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी असे कागद आजही पुढे केले जातात. सिडको आणि एमआयडीसीचे भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचे असू शकतात, तेव्हा उरलेली वर्षे, हस्तांतरण शुल्क आणि ना-हरकत प्रमाणपत्र विचारावे.

बाकी गोष्टी सर्वत्र सारख्या आहेत: मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल, सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहाराचा इंडेक्स-२ उतारा), अकृषिक परवाना, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि जाहीर नोटीस. वडिलोपार्जित वाड्यात बहिणींची हक्कसोडपत्रे नोंदणीकृत आहेत का, हे मात्र आवर्जून पाहावे. “त्यांचं काही म्हणणं नाही” हा कागद नव्हे.

थकबाकी कोणाच्या माथी येते?

बहुधा घेणाऱ्याच्या. महापालिकेच्या मालमत्ता करावर थकीत रकमेला दरमहा दोन टक्के शास्ती चढते, त्यामुळे सहा-सात वर्षे न भरलेला कर दुपटीहून पुढे जातो. मालमत्ता कर, पाणीपट्टी, महावितरणचे बिल आणि संस्थेची देणी यांच्या शून्य थकबाकीच्या पावत्या खरेदीखताच्या दिवशी हातात हव्यात.

भाडे किती येईल, हे कसे ठरवावे?

जाहिरातीत लिहिलेले भाडे हे मागणी-भाडे असते; मिळालेले भाडे नव्हे. त्याच इमारतीतील किंवा गल्लीतील तीन भाडेकरूंना विचारावे, आणि शक्य असल्यास नोंदणीकृत करार पाहावेत. त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा की घर शेवटचे रिकामे कधी झाले आणि किती दिवस रिकामे राहिले. संभाजीनगरालगतच्या वाळूज, बजाजनगर या औद्योगिक भागात मागणी कारखान्यांच्या पाळ्यांवर आणि कंत्राटी भरतीवर हलते. एखाद्या मोठ्या कारखान्यात काम घटले की दोन महिन्यांत गल्लीभर ‘रूम भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लागतात. अशा भागात वर्षाला एक नव्हे, दीड-दोन महिने रिकामे धरावेत.

संपूर्ण हिशेब एकदा मांडून दाखवाल का?

समजा, संभाजीनगरात दोन बेडरूमची जुनी सदनिका ३२ लाखांना मिळते आहे. मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांप्रमाणे १,९२,००० रुपये (घर स्त्रीच्या नावे असल्यास एक टक्का सवलत मिळते), नोंदणी शुल्क कमाल मर्यादेइतके म्हणजे ३०,०००, दलाली एक टक्का म्हणजे ३२,०००, शोध अहवाल आणि वकील १६,०००, आणि भाडेकरू येण्यापूर्वीची दुरुस्ती १,३०,०००. घर पडले ३६ लाखांना, ३२ लाखांना नव्हे. अनेकांचा हिशेब येथेच, पहिल्या ओळीत, चुकतो.

भाडे दरमहा ११,००० म्हणजे वर्षाला १,३२,०००. किमतीवर भागले तर ४.१ टक्के येतात आणि दलाल हाच आकडा सांगतो. आता एक महिना रिकामा धरून १,२१,००० उरतात. संस्थेचा देखभाल खर्च १४,४००, मालमत्ता कर ७,६००, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे १२,००० आणि करारनामा-नोंदणी व किरकोळ ३,००० असे ३७,००० वजा केले, की हातात ८४,००० राहतात. ३६ लाखांवर हा परतावा २.३३ टक्के होतो. बँकेच्या मुदत ठेवीवर याच्या दुपटीहून अधिक व्याज मिळते. उरलेली सारी भिस्त जागेचा भाव वाढण्यावर आहे. तो वाढेलही, पण ती अपेक्षा वेगळ्या रकान्यात लिहावी आणि भाड्याच्या उत्पन्नात मिसळू नये. दुरुस्तीचे बारा हजार दरवर्षी खर्च होत नाहीत म्हणून ते उत्पन्न समजणाऱ्यांना पाचव्या-सहाव्या वर्षी रंग, मोटर आणि गळती एकदमच भेटतात.

कर्ज काढून घेतले तर भाड्यातून हप्ता निघेल का?

वरच्या उदाहरणात निघत नाही. २४ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता दरमहा सुमारे २०,८०० रुपये येतो, म्हणजे वर्षाला अडीच लाख. भाड्याचे निव्वळ उत्पन्न ८४,००० असल्याने वर्षाला सुमारे १,६६,००० रुपये, दरमहा साधारण १३,८०० रुपये, स्वतःच्या पगारातून घालावे लागतील. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांपैकी सुमारे दोन लाख केवळ व्याज असते. भाडे त्या व्याजालाही पुरत नाही. तीन महिन्यांचा हप्ता आणि एक मोठी दुरुस्ती एवढी रक्कम हाताशी नसेल तर असे कर्ज घेऊ नये. शिवाय १० लाखांहून अधिक किमतीच्या घराचे मुद्रांक आणि नोंदणी शुल्क बँकेला कर्जाच्या प्रमाणात धरता येत नाही, म्हणजे ते स्वतःच्याच खिशातून येणार.

आयकराचे काय?

मिळालेल्या भाड्यातून त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा करता येते. प्रत्यक्ष दुरुस्तीच्या पावत्या वेगळ्या चालत नाहीत. वरच्या उदाहरणात यामुळे कागदावर सुमारे १,२२,००० रुपये तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत घराचा असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वळता होतो. नव्या प्रणालीत होत नाही. ‘कर वाचतो’ म्हणून घर घेणाऱ्यांनी आपण कोणत्या प्रणालीत आहोत, एवढे आधी पाहावे.

लातूरला विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधलेले घर घेणे अधिक फायद्याचे नाही का?

एकूण भाड्याकडे पाहिले तर बहुधा होय. पण तेथे वर्ष बारा महिन्यांचे नसते. बारावी आणि ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा आटोपली की मे महिन्यात खोल्या रिकाम्या होतात आणि नवी भरती जूनपासून पुढे सुरू होते, म्हणून दहा महिन्यांचेच भाडे धरावे. एका खोलीत तीन मुले राहिली की पाणी, शौचालय, वीज आणि दारांच्या कड्या यांची झीज कुटुंबाच्या कितीतरी पट असते. अशा घरात संडास-न्हाणीघरांची संख्या खोल्यांपेक्षा आधी मोजावी. वसतिगृह म्हणून चालविल्यास दरडोई दरमहा २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला, सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामाच्या अटीवर, जीएसटीतून सूट आहे. घर ट्यूशन एरियापासून (शिकवणी वर्गांच्या भागापासून) मुलांना पायी जाता येईल इतके जवळ आहे का, हे आपण स्वतः पायी चालून पाहावे. आणि एक गोष्ट: सारी मागणी एकाच कारणावर उभी असते; क्लास दुसरीकडे हलला तर खोल्यांना हलता येत नाही.

घरात आधीच भाडेकरू आहे. ही सोय समजावी की अडचण?

करारावर अवलंबून आहे. नोंदणीकृत ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असेल आणि मुदत संपत आली असेल, तर सोय. करार नसलेला, कित्येक वर्षांपासून तीनशे रुपये भाडे देणारा कुळभाडेकरू असेल, तर तो हैदराबाद राज्याच्या १९५४ च्या घरभाडे कायद्यापासून चालत आलेल्या संरक्षणात असू शकतो. त्या कायद्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने घेतली आणि त्यातही भाडेवाढ वर्षाला चार टक्क्यांपुरतीच आहे. असे घर ‘रिकामे करून देतो’ या तोंडी शब्दावर घेऊ नये.

आपण नवा भाडेकरू ठेवताना करार लेखी आणि नोंदणीकृतच करावा. याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. नोंदणी नसल्यास वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. खर्च म्हणाल तर ११,००० भाडे आणि ५०,००० अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या कराराला पाव टक्क्याने मुद्रांक सव्वातीनशेच्या आतच लागतो, आणि शहरी भागात नोंदणी शुल्क १,०००. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते, ती याच कागदाच्या बळावर.

विक्रेता काही रक्कम रोख मागतो. काय करावे?

देऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि रोख दिलेली रक्कम पुढे आपण विकताना खरेदी किमतीत धरता येत नाही. म्हणजे विक्रेत्याचा वाचलेला कर आपण भरतो. ५० लाख किंवा त्याहून अधिकच्या व्यवहारात विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (उगमातील कर) कापून भरण्याची जबाबदारीही घेणाऱ्याची असते.

शेवटी किंमत किती द्यावी, हे कसे ठरवावे?

उलट्या बाजूने यावे. आपल्याला निदान तीन टक्के निव्वळ परतावा हवा असेल, तर ८४,००० उत्पन्नाचे घर सर्व खर्चांसह २८ लाखांना पडले पाहिजे. त्यातून दुरुस्ती आणि वकिलाचे १,४६,००० वजा करून, मुद्रांक, नोंदणी आणि दलालीचे आठ टक्के धरले, तर मूळ किंमत साडेचोवीस लाखांच्या आसपास येते. ३२ लाख मागणारा विक्रेता हे ऐकून हसेल, आणि त्याचे हसणे रास्त आहे. बाजार केवळ भाड्यावर चालत नाही. म्हणून बोलणी करताना आपला टक्का पुढे न ठेवता दोषांची यादी ठेवावी: गच्चीच्या कामाचा ठेकेदाराने दिलेला लेखी अंदाज, भरावयाच्या कराची रक्कम, हौद वाढविण्याचा खर्च, आणि प्रत्येकापुढे तेवढ्या महिन्यांचे भाडे. त्यातली निम्मी रक्कम जरी किमतीतून उतरली, तरी तपासणीचे पैसे कित्येक पटींनी परत आले. न उतरल्यास कागद घडी करून खिशात ठेवावा, आपला आकडा आणि फोन नंबर विक्रेत्याजवळ सोडावा आणि दिवाळीनंतर त्याच गल्लीतून पुन्हा एकदा चक्कर मारावी. पाटी तशीच लटकलेली असेल, तर बोलणी या वेळी विक्रेताच सुरू करतो.